चितेगावहून आलेला कॉल

आधीच सांगून टाकते – या ग्रुपवरचे किस्से मी रोज वाचते, पण विश्वास ठेवून नाही. चहाबरोबर वाचते. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, गाडीच्या काचेवर धुकं होतं का. कुणाच्या घरात भांडी आपोआप पडतात म्हटलं की मी मनातल्या मनात मांडणीचे खिळे तपासते. स्वभावच तसा आहे. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत फिटर होते. घरात ना देव्हारा, ना अंगारा, ना कुणाच्या अंगात येणं. लहानपणी अंधाराला घाबरले तर वडील हाताला धरून त्याच अंधाऱ्या खोलीत न्यायचे आणि म्हणायचे, "हात लाव. काय हाय ते सांग." मी हात लावायचे. कधी ट्रंक असायची, कधी गादी. भूत कधीच नसायचं.

पुढं धंदाही असाच निवडला. पंचवीसएक वर्षं झाली, मी नेटवर्किंगची कामं करते. आधी औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर – शहर तेच, वायरी बदलल्या. बिघाडामागं कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, यावर माझं पोट चालतं. म्हणून हा अनुभव मी इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही. काल इथं एकानं लिहिलं की यंत्रांच्या बाबतीत असलं काही होत नसतं... ते वाचून राहवलं नाही.

तर ऐका. ब्रॉडबँड अजून आपल्याकडं नीट आलेलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बियाण्याची एक कंपनी होती, नाव सांगत नाही. तिचं ऑफिस क्रांती चौकाजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि बियाणं साफ करून पोत्यात भरायचा प्लांट पैठण रोडला चितेगावात. गोदामात किती माल आहे हे ऑफिसला रोज कळायला हवं, आणि कुठला माल कुठं पाठवायचा हे प्लांटला. तोवर हे सगळं फोनवर ओरडून चालायचं. "शंभर" ऐकायचं आणि "सत्तर" लिहायचं, असा कारभार.

मालकांना दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडून हवे होते. पण कायमची लाइन घेणं परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, साध्या टेलिफोनवर करून देते. दोन्हीकडं एकेक जुना कॉम्प्युटर राउटर म्हणून, म्हणजे पलीकडं जायची वाट करून द्यायला, बसवला आणि प्रत्येकाला एक मोडेम जोडला. मोडेम आजच्या पोरांना माहीत नसेल – वहीएवढा डबा, पुढं लाल दिवे. टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्याकडं पोचवायचा. जोडताना आधी नंबर फिरवल्याचा टुकटुक आवाज, मग दोन्ही डबे एकमेकांवर किंचाळायचे, खरखर व्हायची, मग शांतता. शांत झाले की समजायचं, जमलं.

यातली गंमत अशी की लाइन सतत चालू नसायची. ऑफिसातून प्लांटकडं काही पाठवायचं निघालं की ऑफिसचा राउटर स्वतः नंबर फिरवायचा. प्लांटकडून काही निघालं की प्लांटचा राउटर फिरवायचा. दोघं एकमेकांना पासवर्ड सांगायचे, तो जुळला की वाट मोकळी. काम संपून काही मिनिटं कुणीच काही बोललं नाही, की लाइन आपोआप तुटायची. म्हणजे फोनचं बिल कामापुरतं. एका बाजूनं डायल करणारी अशी व्यवस्था तेव्हा बरेच जण करायचे. दोन्ही बाजूंनी करायला मात्र डोकं लागायचं. दोघांनी एकाच वेळी नंबर फिरवला की दोघांनाही एंगेज लागायचं, दोघंही तेवढंच थांबून पुन्हा फिरवायचे, पुन्हा एंगेज. पहिल्या आठवड्यात हा खेळ मी डोळ्यांनी पाहिला. मग प्लांटच्या राउटरला सांगितलं, तू जरा जास्त थांबत जा. सुटला प्रश्न. मला त्या सेट-अपचा अभिमान होता, आजही आहे.

प्लांटमध्ये हे सगळं सोपानकाकांच्या केबिनमध्ये बसवलं होतं. सोपानकाका म्हणजे तिथले स्टोअरकीपर. बिडकीनचे. बापजाद्यांची मेंढरं होती, काकांनी स्वतः पोरवयात कळप राखलेला, मग थोडं शिकून प्लांटवर लागले. साठीला आलेला काटक माणूस, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. कॉम्प्युटरवर त्यांना स्टॉकचा एकच प्रोग्राम यायचा, तोसुद्धा दोन बोटांनी. मोडेम पहिल्यांदा किंचाळला तेव्हा ते खुर्ची सोडून उठले होते.

"ताई, ह्यो वराडतोय कशापायी?"

"काका, क्रांती चौकातल्या डब्याला हाक मारतोय. तो ओ देतोय."

"आन् त्याला काम निघालं तर?"

"मग तो मारील हाक."

काकांनी मान हलवली. "म्हंजी मेंढी आन् कोकरावानी. कळपात कुणी बी आधी वरडलं तरी चालतंय."

त्यानंतर त्यांना त्या डब्याचा लळाच लागला. आधीच्या पावसाळ्यात शेजारच्या कारखान्यातला मोडेम विजेनं जळाल्याचं त्यांच्या कानावर होतं. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ते सगळं बंद करायचे, प्लग उपसून ठेवायचे, टेलिफोनची तार मोडेममधून काढून तिचं वेटोळं करून डब्यावर ठेवायचे. मीच शिकवलं होतं, पण माझ्यापेक्षा त्यांचं वेटोळं सुबक व्हायचं.

आता त्या दिवसाकडं येते. पावसाळा संपत आलेला, ऊन कडक पडलेलं. चितेगावच्या प्लांटला साप्ताहिक सुट्टी होती, क्रांती चौकातलं ऑफिस मात्र चालू. मी दुपारी जेवणानंतर तिथं गेले होते, एका प्रिंटरचं काम होतं. ऑफिसात दोघंच. अकाउंट्स बघणारे फारुखभाई – शहागंजचे, शांत माणूस, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडं – आणि टायपिंग करणारी शैला.

मी प्रिंटर उघडून बसले आणि मागं मोडेमची रिंग वाजली. उचलला गेला. किंचाळला, खरखरला, शांत झाला. रोजचा आवाज, मी मान वर केली नाही. जरा वेळानं लक्षात आलं की आज चितेगावला सुट्टी आहे.

फोनशेजारी कॉलर आयडीचा डबा होता. त्यावर चितेगावचाच नंबर. राउटरच्या स्क्रीनवर पाहिलं – प्लांटच्या नावानं लॉगिन, पासवर्ड बरोबर, वाट मोकळी. मला वाटलं, काका सुट्टीच्या दिवशी येऊन बसलेत. यायचे ते कधीकधी, घरी करमत नसलं की. मी पुन्हा प्रिंटरकडं वळले.

बऱ्याच वेळानं पाहिलं तर लाइन अजून चालूच. आता मला राग आला. काम नसताना लाइन चालू राहणं म्हणजे माझ्या सेट-अपला बट्टा. लाइन कशामुळं जागी राहते ते मी स्क्रीनवर बघायला लागले. तिकडून थोड्या थोड्या वेळानं एकेक पॅकेट, म्हणजे निरोपाचं छोटं पाकीट, येत होतं. पत्ता काकांच्या कॉम्प्युटरचा. आत मजकूर काही नाही. याला 'पिंग' म्हणतात – एक मशीन दुसऱ्याला नुसतं विचारतं, आहेस का. दुसरं म्हणतं, आहे. ऑफिसातला सर्व्हर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटर, इमानदारीत उत्तर देत होता. तिकडून पुन्हा तेच. आहेस का... आहेस का...

हे काकांना करता येणं शक्य नव्हतं. मी इकडून प्लांटच्या राउटरला पिंग केलं. त्यानंही उत्तर दिलं. टेलिफोनच्या लाइनवर जेवढा उशीर लागतो तेवढाच उशीर लावून, व्यवस्थित.

म्हणजे मशीन चालू, मोडेम चालू. मी ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरून चितेगावचा नंबर फिरवला. काकांना सांगणार होते की मशीन बंद करा. नंबर फिरवून झाल्यावर मात्र माझीच मला चूक कळली, कारण प्लांटला एकच लाइन. ती मोडेमवर चालू आहे, म्हणजे एंगेज लागणार.

एंगेज लागला नाही. रिंग जायला लागली.

मी फोन ठेवला, पुन्हा लावला. रिंग. मोकळी, लांब, शांत रिंग. शेजारी मोडेमचे दिवे लुकलुकत होते, त्याच नंबराशी बोलत होते, आणि माझ्या कानात तोच नंबर मोकळा वाजत होता. फोन लाइनवर हे होत नाही. लाइन एक तर बोलते, नाहीतर वाजते.

"फारुखभाई, इकडं या जरा."

फारुखभाईंनी रिसीव्हर कानाला लावला, कॉलर आयडीवरचा नंबर वाचला, पुन्हा रिसीव्हर ऐकला. "एक्स्चेंजमें कुछ घोटाला हैंगा, मॅडम."

"एक्स्चेंजचा घोटाळा असेल तर रिंग खोटी असेल. हा कॉल खोटा नाही. पासवर्ड देऊन आत आलाय."

"तो फिर काका बैठे होंगे. सो गए होंगे कुर्सी पे."

"मशीन बिघडलंय बहुतेक. मी जाऊन बघून येते. केबिनची डुप्लिकेट किल्ली द्या."

फारुखभाईंनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अकेले नक्को जाओ. मैं बी आताय."

शैलाला सांगितलं, स्क्रीनवर लक्ष ठेव, हात लावू नको. फारुखभाईंची स्कूटर काढली आणि स्टेशनवरून पैठण रोडला लागलो. नक्षत्रवाडी गेली, कांचनवाडी गेली. पुढं रस्त्याच्या कडेला एके ठिकाणी खोदकाम चाललं होतं, मातीचे ढीग, वाहतूक एका बाजूनं. मला त्या वेळी त्यात काही दिसलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, काकांच्या मशीनमध्ये काय शिरलंय.

प्लांटच्या गेटवर वॉचमन खुर्ची सावलीत ओढून बसला होता.

"काका आलेत का?" मी विचारलं.

"आल्ते सकाळी. गेले बी आसतील. मागल्या गेटानं जातेत ते, तिकडून बिडकीनची जीप घावती."

"मशीन कुणी चालू केलंय?"

"कोन्ची मशीन, ताई? सकाळधरनं लाइटच नाय. काम काढलंय म्हनं त्यायनी, सांजच्याला येनार हाय लाइट."

शेजारच्या कारखान्याचा जनरेटर धडधडत होता. आमच्याकडं जनरेटर नव्हता. मी फारुखभाईंकडं पाहिलं, ते माझ्याकडं. तसेच केबिनकडं निघालो.

केबिनला कुलूप होतं. डुप्लिकेट किल्लीनं उघडलं. आत उकाडा आणि अंधार, खिडकीच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. काकांचा कॉम्प्युटर बंद. त्याचा प्लग टेबलावर ठेवलेला. राउटर बंद. त्याचाही प्लग बाहेर. मोडेमचे सगळे दिवे विझलेले, आणि डब्यावर टेलिफोनच्या तारेचं वेटोळं, नीट गोल, काकांच्या हातचं.

मी मोडेमवर तळहात ठेवला. चालू मोडेम कोमट असतो. हा गार होता. फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायल टोन नाही, खरखर नाही, काहीच नाही. मेलेली लाइन.

"शैलाला फोन लावा," मी म्हटलं. फारुखभाईंकडं मोबाइल होता. केबिनमध्ये रेंज धरत नव्हती, दारात उभं राहून लागला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"शैला, लाइन तुटली का?"

"नाही, चालू आहे की. दिवे लागलेत सगळे."

"स्क्रीनवर नवीन ओळी येतायत?"

"येतायत ना. थांबा... हां, आत्ता एक आली."

"पत्ता वाच."

तिनं पत्ता वाचला. काकांच्या कॉम्प्युटरचा. मी दारातून वळून त्या कॉम्प्युटरकडं पाहत होते. प्लग टेबलावर पडलेला.

भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, त्या वेळी नाही वाटली. मला वाटलं, मी काहीतरी साधी गोष्ट विसरतेय आणि ती आत्ता आठवेल. वडिलांनी सांगितलं होतं तसं हात लावून बघायला लागले. राउटरला लावला, प्लगना लावला, भिंतीवरच्या टेलिफोनच्या बॉक्सला लावला. आणि टेबलाच्या कोपऱ्यात हात लागला तो काकांच्या डब्याला. जेवणाचा डबा. फडक्यात बांधलेला, भरलेला, गाठ सुटलेली नाही.

"फारुखभाई, काका जेवले नाहीत."

"हौ?"

"कुलूप लावून गेलेत आणि डबा आत. म्हणजे परत येणार होते. दुपार टळलीय. घरी गेले असते तर डबा ठेवून गेले असते का?"

फारुखभाईंनी डबा उचलून पाहिला, परत ठेवला आणि एकदम बाहेर पडले. "वॉचमन! मागे चलो. गोदाममें."

मागच्या गोदामाचं शटर कमरेएवढं वर होतं. त्याला लागूनच शेजाऱ्यांचा जनरेटर, त्यामुळं आतला माणूस ओरडला असता तरी गेटपर्यंत काही गेलं नसतं. वाकून आत गेलो. उजेडातून आल्यामुळं आधी काही दिसेना. मग दिसलं की उजव्या बाजूची पोत्यांची एक अख्खी थप्पी कोसळलीय. आणि त्या ढिगाच्या टोकाला टॉवेल गुंडाळलेलं डोकं.

काका पालथे पडले होते. कमरेपासून खाली पोती. एक हात मोकळा, तो पुढं पसरलेला. मी जवळ बसून हाक मारली. डोळे उघडले. ओठ हलले, आवाज आला नाही.

वॉचमन शेजारच्या कारखान्यात पळाला, तिथून चौघं हमाल आले. फारुखभाईंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पोती ओढायला लागले. मी काकांचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या रुमालानं तोंड पुसत होते. शेवटची पोती उचलली तेव्हा काका विव्हळले आणि मला इतकं बरं वाटलं त्या विव्हळण्यानं. शेजाऱ्यांच्या टेम्पोत गादी टाकून त्यांना शहरात आणलं. मी मागं त्यांच्याजवळ, फारुखभाई स्कूटरवरून पुढं.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, आणि रात्र तिथं काढली असती तर माणूसच. प्लांट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होता. घरी काकू एकट्या, त्यांना वाटलं असतं काका प्लांटवरच मुक्कामाला राहिले. ते राहायचे तसे कधीकधी. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी शोधायला आलं नसतं.

सांजेला मी ऑफिसात परतले. लाइन तुटलेली होती. शैला म्हणाली, ती चहा करत होती तेव्हा कधीतरी दिवे गेले. राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्यानं ठेवलेल्या नोंदीत, वेळ आहे, पण काकांना पोत्यांखालून काढलं ती वेळ आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. त्यामुळं दोन्ही जुळवून काही सांगणार नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा काकांना बोलता येत होतं. काकू पायाशी बसलेल्या. मी विचारलं, "काका, तिथं सुट्टीच्या दिवशी कशाला गेला होतात?"

"रातीच्याला पाऊस झालता. वाटलं पत्र्यातनं गळतंय का बघावं. पाय दिला थप्पीवर आन् समदं आलं अंगावर."

"मग?"

"मग काय, वरडलो. वॉचमनला हाका मारल्या, हिला मारल्या." त्यांनी काकूंकडं पाहिलं. "जनरेटर लई आवाज करतोय. घसा बसला माझा. मग वरडायचं सोडलं. डोळं मिटून पडलो." पाण्याचा घोट घेतला. "मग त्यो आवाज आला ना."

"कुठला आवाज?"

"आपल्या डब्याचा. टुकटुक केलं, मंग वराडला, मंग खरखर... मंग गप झाला. म्हटलं लागली लाइन. आता येतीय ताई. म्हनून निवांत पडून ऱ्हायलो."

मी म्हटलं, "काका, केबिन गोदामापासून केवढी लांब. मध्ये जनरेटर. आणि डबा तर तुम्ही बंद केला होता."

"व्हय, म्याच बंद केल्ता," काका म्हणाले. "तार बी काढल्ती." आणि माझ्याकडं असं बघत राहिले की जणू पुढचं मी सांगणार आहे.

काकू म्हणाल्या, "पोरी, नको इचारूस त्येला. आला ना परत." मी गप्प बसले.

पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी पुढचे काही दिवस दुसरं काम घेतलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले. तिथले इंजिनिअर सरळ माणूस होते. त्यांनी दाखवलं की त्या दिवशी सकाळीच खोदकामात केबल तुटली होती, चितेगावच्या त्या भागातले सगळे फोन बंद पडले होते, आणि केबल जोडली गेली ती तिसऱ्या दिवशी. तुटलेल्या लाइनवर कॉल केला की करणाऱ्याला नुसती रिंग ऐकू येते – म्हणजे माझ्या कानातली रिंग खरी होती. मी विचारलं, तारा एकमेकींत अडकून दुसऱ्याचा कॉल चितेगावच्या नंबरानं येऊ शकतो का. ते म्हणाले, नंबर चुकीचा दिसू शकतो, अगदीच नाही असं नाही.

समजा तसं झालं. मग पासवर्ड कुणी दिला? तो मी स्वतः ठरवलेला, लांबलचक, दोन मशीनमध्ये आणि माझ्या डोक्यात. तिसरीकडं कुठं नाही. आणि कुणी चोरून घेतला म्हणावं, तर तो माणूस नेमका त्याच दुपारी, काकांच्या मशीनचा पत्ता लावून, काहीही न चोरता, नुसतं "आहेस का" विचारत बसेल?

मग मी ऑफिसच्या राउटरवर संशय घेतला. डिस्क काढून घरी नेली, लॉग ओळ न् ओळ वाचला. काही बिघाड नाही. आणि बिघाड असता तरी कॉलर आयडीचा डबा वेगळा, त्यावरचा नंबर फारुखभाईंनी स्वतः वाचला होता. प्लांटच्या राउटरचा लॉगही पाहिला. आदल्या संध्याकाळी काकांनी बंद केल्याची नोंद, आणि नंतर मी चालू केला तेव्हाची. मध्ये काही नाही. त्याच्या मते तो त्या दिवशी झोपला होता.

मालकांनी विचारलं, "तुमच्या सेट-अपमध्ये दोष आहे का?" मी म्हटलं, नाही. आणि ते खरं होतं. केबल दुरुस्त झाल्यावर तीच मशीन, तेच मोडेम मी परत जोडून दिले. पुढं ब्रॉडबँड येईपर्यंत ते एकदाही विनाकारण बोलले नाहीत. मी त्यानंतर अशी बरीच ठिकाणं जोडली – जिनिंग, शाळा, दूध संघ – कुठंच असं झालं नाही. फारुखभाईंशी मी एकदाच विषय काढला. ते म्हणाले, "मॅडम, मेरेकु इत्ता मालूम हैंगा कि फोन आया और हम गए. नहीं जाते तो?" आणि पुन्हा व्हाउचर लिहायला लागले.

मला कुणी म्हणेल, मग आता मानता की नाही? काय मानू ते सांगा. भूत म्हणावं तर कुणाचं, कुणी मेलंच नव्हतं. देव म्हणावं तर आमच्याकडं ते खातंच नाही. योगायोग म्हणावं तर इतक्या गोष्टी एकाच दुपारी जुळाव्या लागतात की ते म्हणायलाही हिंमत लागते. मला या विषयातलं चांगलं कळतं, हे मी नम्रपणे नाही, खात्रीनं सांगते. आणि तरी मला माहीत नाही. इथं कुणी इंजिनिअर असेल आणि त्याला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचीन.

मागच्या महिन्यात बिडकीनला एका नव्या कारखान्याचं फायबरचं काम होतं, तेव्हा काकांच्या घरी गेले. काकू आता नाहीत. काका ऐंशीच्या पुढं गेलेत, काठी घेऊन चालतात, पण कान शाबूत. सुनेनं चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. निघताना मी धीर करून विचारलंच, "काका, त्या दिवशी खाली पडल्यावर तुम्ही नेमकं काय केलं होतं हो? खरं सांगा. मी हसणार नाही."

काकांनी काठी टेकून माझ्याकडं पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.

"म्या काय करनार, पोरी," ते म्हणाले, "म्या तर पोत्याखाली व्हतो. तूच सांग ना, तू कशी काय आलीस?"